दिनविशेष : एका तारखेच्या घटना आणि कालगणना

वेगवेगळ्या वर्षी एकाच तारखेला घडलेल्या घटनांची नोंद म्हणजे दिनविशेष. शाळेच्या फळ्यावर आणि वर्तमानपत्रांत तो रोज दिसतो. काही योग खरोखर थक्क करणारे आहेत. ४ जुलै १७७६ चा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा घडवणारे जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै १८२६ रोजी, काही तासांच्या अंतराने वारले. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे. नाना फडणवीसांचा जन्मही १२ फेब्रुवारीचाच, १७४२ चा.

मात्र दोन्ही तारखा एकाच कालगणनेतल्या असतील तरच योग खरा. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस यांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ हीच मृत्युतारीख लावतात. स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगरियन पद्धत (आज वापरात असलेली, नवी कालगणना) घेतली होती, इंग्लंड १७५२ पर्यंत ज्युलियनवर (त्याआधीच्या जुन्या कालगणनेवर) होते. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे.

मराठ्यांच्या इतिहासात हा घोळ जास्त जाणवतो, कारण त्या काळी पोर्तुगीज गोवा नव्या पद्धतीवर आणि इंग्रजांची मुंबई जुन्या पद्धतीवर होती. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगरियन पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. फरक फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत १० दिवसांचा, त्यानंतर १८०० पर्यंत ११ दिवसांचा धरावा.

शकावरून इसवी सन काढताना चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. इथेच बहुतेक चुका होतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१. सरसकट ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे वर्ष १६३०. पडताळ्याला वार घ्यावा, कारण पद्धत बदलली तरी वार बदलत नाही. जेधे शकावलीत (शिवकाळातील घटनांच्या तिथीवार नोंदीत) शुक्रवार आहे. १९ फेब्रुवारी १६३० ज्युलियन धरली तर शुक्रवार जुळतो, ग्रेगरियन धरली तर मंगळवार येतो.

पानिपतची तारीख, १४ जानेवारी १७६१, ग्रेगरियनच आहे. त्या दिवशी बुधवार, पौष शुद्ध अष्टमी होती. हल्ली १४ जानेवारीला संक्रांत येते म्हणून लढाई संक्रांतीला झाली असे लिहिले जाते, ते चूक आहे. संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकत असते. स्वामी विवेकानंदांच्या जन्माच्या वेळी, १८६३ मध्ये, ती १२ जानेवारीला होती आणि १७६१ मध्ये त्याहूनही आधी. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.