संजय गांधी निराधार अनुदान योजना

ज्यांच्या घरात कमावते माणूस उरलेले नाही आणि वय, आजार, अपंगत्व किंवा परिस्थिती ज्यांना स्वतःला कमावू देत नाही, अशा व्यक्तींना दरमहा रोख मदत देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. 1980 साली बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये विमान अपघातात मृत्यू पावलेल्या संजय गांधी यांचे नाव तिला देण्यात आले. ती आज सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे असली तरी लाभार्थ्याचा संबंध येतो तो तहसील कार्यालयाशी, आणि त्याहीआधी गावच्या तलाठ्याशी.

शासनाच्या कागदावर ही रक्कम 'अनुदान' आहे. गावात तिला कोणी अनुदान म्हणत नाही. 'निराधारचा पगार' म्हणतात. 'पगार चालू झाला का?', 'या महिन्याचा पगार पडला का?' अशीच विचारपूस होते. पगार हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि ठरल्या वेळी मिळणारा हक्काचा पैसा या अर्थाने रुळला. या योजनेकडून माणसांना काय हवे आहे ते त्या एका शब्दात आले आहे. किती मिळतात हे तर महत्त्वाचे आहेच, पण नक्की कधी मिळतात यावरही घर चालते.

पार्श्वभूमी

1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. 'मागेल त्याला काम' हे तिचे सूत्र होते. पण काम मागायला धडधाकट हात लागतात. कुष्ठरोग्याला, अंथरुणाला खिळलेल्याला, लहान मूल कडेवर घेऊन मागे राहिलेल्या विधवेला खडी फोडायला पाठवून भागत नाही. रोजगार हमीच्या मांडवाबाहेर राहिलेल्या या माणसांसाठी निराधार योजना आली, म्हणून दोन्ही योजना एकमेकींशेजारी ठेवूनच पाहायला हव्यात. वार्धक्य, आजारपण, अपंगत्व आणि बेकारी यांत नागरिकाला सरकारी साहाय्य मिळावे असे राज्यघटनेचे 41 वे कलम सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वांत येते, त्यामुळे न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाही.

केंद्र सरकार या क्षेत्रात उशिरा उतरले. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाला तेव्हा वृद्धांना केंद्राकडून महिना 75 रुपये मिळत. 2006 मध्ये ते 200 झाले. ऐंशीच्या खालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा अजूनही 200 रुपयेच आहे. त्या काळात डाळ, गॅस, औषधे कुठच्या कुठे गेली. महाराष्ट्रात या रकमेवर राज्याची भर पडते, म्हणून लाभार्थ्याला हा आकडा सुटा दिसत नाही.

कोणाला मिळते

65 वर्षांखालील निराधार स्त्री-पुरुष, अनाथ मुले, दिव्यांग, क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांचे रुग्ण, निराधार विधवा (त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नीही आल्या), घटस्फोटित आणि घटस्फोट प्रक्रियेतील स्त्रिया, देवदासी, तृतीयपंथी, वेश्याव्यवसायातून सुटका झालेल्या स्त्रिया, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, 35 वर्षांवरील अविवाहित स्त्री. नवरा गेलेल्या बाईबद्दल बोलणे सोपे असते, पण ज्यांच्याबद्दल गावात बोलायचेही टाळतात त्या स्त्रियांनाही या यादीत नावानिशी जागा आहे. यादी करणाऱ्यांनी समाज जवळून पाहिला होता हे त्यावरून कळते. अर्जदार किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. 21,000 म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज 297 रुपये होती. त्या दराने एका माणसाने वर्षात 71 दिवस काम केले तरी कुटुंब या मर्यादेच्या वर जाते. एक सरकारी योजना तेव्हा वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देत होती आणि दुसरी त्या कामाची मजुरी हातात पडली की माणसाला निराधार मानत नाही. यातून वाट निघते ती उत्पन्नाच्या दाखल्यातून. अर्जदार, तलाठी आणि दाखला देणारे कार्यालय या सगळ्यांना ठाऊक असते की 20,000 किंवा 21,000 हा आकडा अटीसाठी लिहिलेला आहे. खऱ्या गरजू माणसाला हक्काच्या पैशासाठी खोटे बोलायला लावणारी अट गरिबी मोजत नाही. ही मर्यादा फार पूर्वी बदलायला हवी होती.

दारिद्र्यरेषेची यादीही तशीच जुनी, 2002 च्या सर्वेक्षणावर उभी. त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव तिच्यात सापडत नाही. माहेरी परत आलेली विधवा तर दोन गावांच्या मध्येच अडकते.

प्रकरण

अर्जाला तहसीलच्या भाषेत 'प्रकरण' म्हणतात. प्रकरण टाकायचे, ते त्रुटीत निघते (म्हणजे कागद अपुरे ठरतात), ते बैठकीत ठेवले जाते, मग मंजूर किंवा नामंजूर होते. रहिवासाचा पुरावा, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत, विधवेसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांगासाठी 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र अशी कागदांची चळत लागते. सेतू किंवा 'आपले सरकार' केंद्राबाहेर ज्यांच्या हातात कपड्याच्या दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी दिसते, त्यांतल्या अनेकांच्या पिशवीत हीच चळत असते. प्रत्येक कागदाच्या दोन-तीन झेरॉक्स, आणि घडीवर फाटू लागलेला मूळ मृत्यूचा दाखला सगळ्यात आत, वेगळ्या प्लास्टिकमध्ये.

मंजुरी तालुका पातळीवरची समिती देते. पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय अध्यक्ष तिच्यावर असतो आणि तहसीलदार सदस्य-सचिव. गावातली माणसे ओळखणारे लोक निर्णयात असावेत हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण सरकार बदलले की समित्याही बदलतात, नव्या नेमणुका लांबतात आणि प्रकरणे कपाटात थांबतात. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मृतांच्या नावे पैसे जाऊ नयेत यासाठी ती खबरदारी आवश्यक आहे. मात्र हातीपायी धड नसलेल्या माणसाकडून तो वेळेत पोचला नाही, तर जिवंत माणसाचाच पगार बंद पडतो.

रक्कम

अनेक वर्षे एका लाभार्थ्याला महिना 600 रुपये मिळत. 2019 मध्ये ते 1,000 झाले, एक अपत्य असलेल्या विधवेला 1,100 आणि दोन अपत्ये असलेल्या विधवेला 1,200. 2023 मध्ये सरसकट 1,500 करण्यात आले. जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना दरमहा 6,000 रुपये द्यावेत ही एक मागणी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांची रक्कम 2,500 केली. रक्कम महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली नाही. ती वाढते तेव्हा निर्णयाने, आंदोलनाने किंवा निवडणुकीच्या तोंडावर वाढते.

2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना दरमहा 1,500 रुपये देणाऱ्या या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे निराधारच्या जवळजवळ बारापट. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा अधिक मिळत असतील तर तिचा लाभ मिळत नाही. त्यामुळे सर्वांत नडलेली विधवा आणि अडीच लाखांच्या आतल्या घरातली सधवा यांच्या खात्यात महिन्याला सारखीच रक्कम पडू लागली. लाडकी बहीणचे पैसे कोणाचे काढून घ्यावेत असा याचा अर्थ नाही. निराधारची रक्कम त्याहून जास्त असायला हवी, इतकेच.

शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना 2,000 रुपये दिले जातात. ती योजना गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाने ओळखली जाते. आंध्र प्रदेशाने जुलै 2024 पासून वृद्ध आणि विधवांची पेन्शन 4,000 रुपये केली, आणि ती महिन्याच्या आरंभी घरी नेऊन दिली जाते.

तारीख

28 नोव्हेंबर 2001 रोजी, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वृद्धापकाळाची पेन्शन दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत देण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्रात निराधारचे पैसे अनेकदा दोन-तीन महिने साचून एकदम येत राहिले. निधी जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून बँकेला, बँकेतून याद्यांप्रमाणे खात्यांत, असा तो प्रवास होता. मधला हा टप्पा वगळण्यासाठी 2024 च्या अखेरीपासून थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने, आधार जोडलेल्या खात्यात पैसे पाठवायला सुरुवात झाली.

पैसे तीन महिन्यांनी एकदम 4,500 आले काय आणि दर महिन्याला 1,500 आले काय, बेरीज तीच, असे कार्यालयात वाटू शकते. घरात तसे नसते. महिन्याच्या महिन्याला पैसे येणार हे किराणा दुकानदाराला ठाऊक असले की तो वहीत नाव चालू ठेवतो. तारीख चुकली की आधी तेल सुटे घेतले जाते, मग रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते, मग बचत गटाचा हप्ता थकतो आणि शेवटी व्याजाने पैसे उचलावे लागतात. उशिरा आलेल्या 4,500 मधून आधी ते व्याज जाते.

डीबीटीने यादी आणि रांग कमी केली, पण नवे अडथळेही आणले. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या बँकमित्राच्या यंत्रावर ती अंगठा ठेवते, पुसून पुन्हा ठेवते, मग दुसरे बोट, मग तिसरे. पैसे खात्यात आहेत, पण यंत्र तिला ओळखत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पैसे ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात जातात. कोणत्या तरी योजनेसाठी मधे पोस्टात नवे खाते उघडलेले असते, आणि बाई जुने पासबुक भरून घ्यायला बँकेत खेटे घालत राहते.

घराचा हिशोब

1,500 रुपयांत घर उभे राहत नाही. आधार मिळतो तो अनेक योजना एकत्र आल्या तर. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदा 20,000 रुपये मिळतात. मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून 2023 पासून प्रत्येकी महिना 2,250. अंत्योदय शिधापत्रिका असेल तर महिन्याला 35 किलो धान्य. दोन मुलांच्या विधवेला हे सगळे मिळाले तर महिन्याला 6,000 रुपये आणि धान्य होते. एवढ्यात ती मुलांना शाळेतून काढत नाही आणि सासरच्या किंवा माहेरच्या तोंडाकडे पाहत बसत नाही. पण निराधार आणि कुटुंबलाभ तहसीलला, बालसंगोपन जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, शिधापत्रिका पुरवठा शाखेत, आणि प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा तोच दाखला नव्याने दाखवायचा. करोनाच्या साथीत पती गमावलेल्या स्त्रियांसाठी 2021 मध्ये राज्याने 'मिशन वात्सल्य' सुरू केले, ते या सगळ्या योजना एका जागी त्यांच्यापर्यंत नेण्यासाठी. एरवी ही जुळवाजुळव अंगणवाडी सेविका, एखादी एकल महिलांची संघटना किंवा शिकलेली पुतणी करते.

लाभार्थ्याने वयाची 65 वर्षे पूर्ण केली की नाव निराधारमधून श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत वर्ग होते. रक्कम तितकीच राहते, फक्त लेखाशीर्ष (सरकारी हिशोबातले खर्चाचे खाते) आणि यादी बदलते. हा बदल वेळेत झाला नाही तर मधले काही महिने पैसे येत नाहीत, आणि पासष्टीची बाई तीच पिशवी घेऊन पुन्हा तलाठ्याकडे जाते.