उसाचं शेत आणि ताटातूट झालेली जुळी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जिम जुळ्यां’ची गोष्ट परवा पुन्हा फिरून आली. खाली एका काकांनी लिहिलं, ‘खाण तशी माती! शेवटी रक्तातलंच खरं.’ तेव्हापासून हा लेख लिहायचा होता.

गोष्ट खरी आहे. 1939 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मलेली दोन जुळी मुलं काही आठवड्यांची असतानाच वेगवेगळ्या घरांत दत्तक गेली आणि थेट 1979 साली भेटली. दोघांचंही नाव जिम. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी. दोघांनाही नखं खायची सवय आणि दोघांनाही सारखीच डोकेदुखी.

डोकेदुखीचं समजू शकतं, पण बायकोचं नाव कुठल्याच जनुकात लिहिलेलं नसतं. जिम म्हणजे जेम्स, हे त्या काळातलं अगदी आघाडीचं नाव. लिंडा तर 1947 ते 1952 अशी सलग सहा वर्षं अमेरिकेत मुलींना सर्वाधिक ठेवलं गेलेलं नाव. आपल्याकडच्या एका पिढीतल्या दोन अनोळखी गृहस्थांच्या बायका सुनंदा निघाल्या, तर आपण त्याला चमत्कार म्हणू का? शिवाय दोन माणसांना शेकडो प्रश्न विचारले की काही उत्तरं जुळणारच. जुळलेली तेवढी गोष्ट होऊन फिरतात, न जुळलेली तिथेच राहतात.

खरं विज्ञान या गोष्टीनंतर सुरू झालं. मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार यांनी ही बातमी वाचून दोघांना बोलावून घेतलं आणि पुढची 20 वर्षं ते अशी ताटातूट झालेली जुळी शोधत राहिले. प्रत्येक जोडीच्या आठवडाभर तपासण्या होत. 1990 साली त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला की, बुद्ध्यंकातला सुमारे 70 टक्के फरक जनुकांशी निगडित आहे. काकांचं वाक्य शेवटी येतं ते इथूनच. पण या 70 टक्क्यांचा अर्थ बहुतेकांना वाटतो तो नाही.

हा आकडा काढतात कसा? जुळी दोन प्रकारची. एकबीज जुळी म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग. त्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी. द्विबीज जुळी म्हणजे एकाच वेळी वाढलेली साधी भावंडं. माणसामाणसांत ज्या जनुकांत फरक असतो, त्यांतली सरासरी निम्मीच त्यांच्यात समान. आता समजा, एकत्र वाढलेल्या एकबीज जोड्यांच्या उंचीतला सहसंबंध (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.9 निघाला आणि द्विबीज जोड्यांच्या 0.5. घर दोन्हींकडे सारखंच, तेव्हा वजाबाकी केली की घराचा वाटा गळून पडतो. उरलेले 0.4 हे अर्ध्या जनुकांच्या फरकाचं फळ. दुप्पट केले की 0.8. याला म्हणतात हेरिटॅबिलिटी, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा. ताटातूट झालेल्या एकबीज जुळ्यांचं मोल यामुळेच एवढं आहे. तिथे घरच वेगळं असल्यामुळे वजाबाकी लागत नाही, त्यांचा सहसंबंध हीच हेरिटॅबिलिटी.

एकबीज असोत की द्विबीज, जुळ्यांच्या जन्मवेळेत फरक असतो तो बहुधा काही मिनिटांचाच. त्यांच्या पत्रिका जवळजवळ एकच. स्वभाव आणि बुद्धी ग्रहांवर ठरत असती, तर दोन्ही प्रकारची जुळी एकमेकांशी सारख्याच प्रमाणात जुळायला हवी होती. तशी ती जुळत नाहीत, एकबीज कितीतरी जास्त जुळतात. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायला सांगितलं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही 50 टक्के येतात. तरीही जुळ्यांच्या पत्रिका करून घेणारी सुशिक्षित घरं पाहिली की जीव तुटतो.

आता ऊस. हेरिटॅबिलिटी समजायला उसासारखं दुसरं पीक नाही, असं माझं मत आहे. शेतकरी ऊस बी पेरून लावत नाही, टिपरी म्हणजे उसाच्या कांडाचे तुकडे लावतो. एकाच जातीच्या बेण्यातून उगवलेलं, समजा को 86032 या जातीचं, सगळं शेत म्हणजे हजारो एकबीज जुळी. तरी एखादा ऊस पुरुषभर उंच आणि बांधाजवळच्या चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक झालेल्या पट्ट्यातला खुरटलेला. हा सगळा फरक माती-पाण्याचा. म्हणून या शेतात उंचीची हेरिटॅबिलिटी शून्य.

मग पाडेगावसारख्या ऊस संशोधन केंद्राच्या जमिनीवर जा. तिथे संकरातून आलेल्या बियांची शेकडो रोपं शक्य तितक्या सारख्या जमिनीत, सारख्या पाण्यावर वाढवतात. बी प्रत्येकाचं वेगळं, माती एकच. आता उंचीतला जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा, म्हणून हेरिटॅबिलिटी एकच्या आसपास.

पीक तेच, गुणही तोच, पण आकडे शून्य आणि एक. म्हणजे हा आकडा त्या एका उसाबद्दल काही सांगतच नाही. ठरावीक शेतातल्या उसांमधला फरक कशामुळे आला, एवढंच तो सांगतो. ‘माझ्या मुलाची 70 टक्के बुद्धी जनुकांतून आली’ या वाक्याला मुळात अर्थच नाही. शेत बदललं की आकडा बदलतो.

माणसांच्या बाबतीतही हे दिसलं. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यंत गरीब घरांत बुद्ध्यंकातला सुमारे 60 टक्के फरक घरच्या परिस्थितीचा होता आणि जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य. सधन घरांत चित्र बरोबर उलटं. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत मात्र हा फरक असा दिसत नाही. जिथे शाळा आणि दवाखाने सर्वांना जवळपास सारखे मिळतात, तिथली गरिबी तेवढी चोपण नसते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मिनेसोटातली जुळी कुठल्या शेतात वाढली होती? दत्तक देताना घर पारखून देतात. खऱ्या दारिद्र्यात वाढलेली त्यांच्यात अगदी थोडी होती, त्यामुळे हा आकडा टोकाच्या हलाखीला लावू नये, असं बूशार यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. व्हॉट्सॲपवर ते वाक्य कधीच येत नाही.

कोलंबियातली चार मुलं या चौकटीबाहेर वाढली. 1988 साली बोगोटाच्या एका रुग्णालयात एकबीज जुळ्यांच्या दोन जोड्यांतलं एकेक बाळ अदलाबदल झालं, म्हणजे प्रत्येक जोडीतला एकेक भाऊ दुसऱ्याच घरी वाढला. दोघं राजधानीत वाढले आणि महाविद्यालयापर्यंत शिकले; दोघं सान्तान्देर प्रांतातल्या दुर्गम खेड्यात वाढले, तिथे प्राथमिक शाळेपुढे शिकायची सोय नव्हती. पुढे खेड्यातले दोघे कामासाठी बोगोटात आले. 2013 साली मांसाच्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या एका तरुणाला पाहून एका बाईंना वाटलं, हा तर आपल्या ऑफिसातलाच सहकारी. वर्षभराने चौघे समोरासमोर आले, तेव्हा ते 25 वर्षांचे होते. त्यांच्या चाचण्या नॅन्सी सेगल यांनी घेतल्या. त्या पूर्वी बूशार यांच्याच गटात काम करत होत्या आणि जुळ्यांमधली साम्यं त्यांना नवी नव्हती. तरीही ही एकबीज भावंडं अपेक्षेपेक्षा कमी जुळली आणि इतक्या वेगळ्या परिस्थितीचा परिणाम किती मोठा असतो, हे आपल्याला इथे कळलं, असं त्यांनी सांगितलं.