गॅरेज हलकं आहे म्हणूनच पाया नीट घ्या

साडभाऊच्या पोराचा परवा फोन आला, काका, वावरात ट्रॅक्टर अन् कार ठेवायला शेड बांधतो, वीस बाय पंधरा फूट, मी अन् एक मिस्त्री दोघंच करतो, व्हिडिओ पाहिला, अमेरिकेत लोक जमिनीवर नुसता स्लॅब ओततात अन् त्यावर गॅरेज उभं करतात, पायव्याची भानगड नाही, अन् शेडला असं काय वजन राहते. मी विचारलं, जमीन कशी आहे? म्हणे भारी काळी, पऱ्हाटी छातीएवढी होते. मग थांब म्हणलं, सिमेंट आणू नको अजून.

माझ्याच घरामागं विटांची खोली आहे, दोन फूट पायव्यावर बांधलेली, तिचं शटर दर ऑगस्टात अडकते अन् एप्रिलात आपोआप मोकळं होते. मे महिन्यात कोपऱ्यातल्या फटीत रुपयाचं नाणं उभं बसते, सप्टेंबरात तिथंच पोस्टकार्डही जात नाही. हे शटर म्हणजे आमचं हवामान खातं.

पाया म्हणजे इमारत खाली बसू नये म्हणून, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहते. काळ्या मातीत भानगड उलटी आहे, इथं इमारत वर उचलली जाऊ नये म्हणून पाया लागते. हिशेब करून पाहा, नऊ इंची भिंत दहा फूट उंच घेतली तर एक मीटर लांबीचं वजन साधारण 1300 किलो, ते दोन फूट रुंद पायव्यावर पसरलं की दर चौरस मीटरला सव्वादोन टनाच्या आसपास. अन् भारी काळी पाणी पिऊन फुगते तेव्हा तिचा दाब दर चौरस मीटरला 10-20 टन सहज होते, कुठं त्याहून जास्त. म्हणजे तीन मजली इमारत निदान दाबून तरी धरते, तुमचं गॅरेज तर तिच्यासाठी पापड आहे. अमेरिकेतल्या थंड भागातही लोक पाया खोल नेतातच, जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली. तिथं बर्फ उचलतो, इथं काळी उचलते.

आता ही उचलते कशी, हे मला सगळ्यात आवडते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तोच बेसाल्ट कोकणात धोधो पावसात झिजला, मॅग्नेशियम-कॅल्शियम सगळं धुऊन गेलं अन् जांभा झाला. आमच्याकडे पाऊस कमी, सपाट जागेत पाण्याचा निचरा नाही, ते क्षार मातीतच राहिले अन् त्यातून मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज तयार झालं, नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडलं. एकच लाव्हा, पण कोकणातला माणूस जांभ्याच्या विटा कापते अन् आपण भेगा मोजतो.

हे खनिज म्हणजे पापडाची चळत समजा. एकेक पापड तीन थरांचा, वरखाली सिलिका, मधात ॲल्युमिना, जाडी एक नॅनोमीटरच्या आतबाहेर. मधल्या थरात ॲल्युमिनियम पाहिजे, त्याच्यावर तीन धन प्रभार, पण स्फटिक बनताना काही जागी मॅग्नेशियम घुसून बसते, त्याच्यावर दोनच. तूट पडली, पूर्ण पापडावर ऋण प्रभार उरला. तो फेडायला दोन पापडांच्या मधात कॅल्शियम नाहीतर सोडियमचे आयन येऊन बसतात, अन् पाणी येते ते मुख्य या आयनांच्या ओढीनं. पाण्याच्या रेणूला धन-ऋण अशी दोन टोकं, ऋण टोक आयनाकडे करून ते भोवती गोळा होतात अन् पापड फाकवतात. वाळल्यावर एका पापडाच्या बुडापासून पुढच्याच्या बुडापर्यंतचं अंतर (पापडाची जाडी धरून) दहा अँगस्ट्रॉमच्या जवळपास, पाण्याचे दोन थर घुसले की पंधरा. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, दहाचे पंधरा झाले तर काय फरक पडते असं वाटते, पण हे दीडपट आहे, अन् चिमूटभर मातीत असे पापड मोजता येणार नाहीत इतके. एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ 700 ते 800 चौरस मीटर भरते, म्हणजे एका चिमटीत सात गुंठे! इलाइट नावाच्या चुलत खनिजात मधात पोटॅशियम राहते, ते दोन्ही पापडांतल्या खळग्यांत फिट्ट बसते, स्टेपलर मारल्यासारखं, म्हणून ते असं फुगत नाही.

कॅल्शियमवर दोन प्रभार, तो दोन्हीकडचे पापड धरून ठेवते, एका मर्यादेच्या पुढं जाऊ देत नाही. सोडियमला एकच, त्याचे पापड मोकाट सुटतात. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात सोडियम जास्त, तिथल्या लोकांना हे पावसाळ्यात पायाला चिकटते तेव्हा कळते, मी फक्त कारण सांगतो. मातीत चुना मिसळला की फुगणं कमी होते त्याचं एक कारण हेच, सोडियमच्या जागी कॅल्शियम जाते.

आपल्या वावरातली किती फुगते हे घरी पाहता येते. माती वाळवून कुटून मैद्याच्या चाळणीनं चाळा, दोन सारख्या काचेच्या नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाका, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल, हलवून चोवीस तास ठेवा. रॉकेलच्या रेणूला तशी टोकं नाहीत, त्यात माती फुगत नाही. पाण्यातली पातळी रॉकेलपेक्षा किती टक्के जास्त ते पाहा, 50 च्या वर गेली की सावध. प्रयोगशाळेतली चाचणी हीच राहते, फक्त चाळणी 425 मायक्रॉनची. रॉकेल मिळत नसेल तर अंदाजापुरतं डिझेल चालते.

मधातच एक सांगतो. आमच्याकडे भिंत फाटली की आधी वास्तुवाला येते. ईशान्य कोपऱ्यात दोष आहे म्हणते. अन् त्या कोपऱ्यात काय राहते? वास्तूनंच सांगितलेली पाण्याची टाकी. ती झिरपते, तिथली काळी बाराही महिने फुगलेली, बाकीची वाळलेली, मग भिंत फाटणार नाही तर काय. पिरॅमिड लावण्यापेक्षा नळाचा वायसर बदला. जुनी माणसं यापेक्षा शहाणी, काळीत पेरायचं अन् पांढरीत राहायचं, गावठाण पांढरीवर ठेवायचं हे त्यांना मॉन्टमोरिलोनाइट न शिकता माहीत होतं.

आता काय करायचं. नुसता टिनाचा शेड, लोखंडी पाइप अन् नटबोल्ट, खाली मुरूम असा असेल तर तो वाकते, फाटत नाही, भिंतीचा हट्ट नसेल तर हेच सगळ्यात स्वस्त. विटांचं पाहिजे असेल तर शेजारच्या विहिरीत डोकवा, काळी किती, चुनखडी कुठून, मुरूम कुठं लागते, सगळं कडेला दिसते. मुरूम सहा-सात फुटांत लागला तर कॉलम तिथवर न्या. नाहीच लागला तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं 1950 च्या दशकात विकसित केलेली अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब, साडेतीन मीटर खोल, कारण पावसाळा-उन्हाळ्याचा फरक साधारण तितका खाली जाते, अन् बुडाशी अडीचपट रुंद गोळा. नाडीला गाठ मारली की ती भोकातून निघत नाही तसं. काळी काढून मुरूम भरायचा तर निदान एक मीटर, तोही थोडा चिकट, नुसती रेती नको, रेतीत पाणी साचते अन् काळीला बसल्या जागी पाजते.

फरशी भिंतीला जोडू नका. झाकलेल्या जमिनीतलं पाणी उडत नाही, ते मधात साठते अन् काही वर्षांत स्लॅबची पाठ वर येते, कडा मात्र ऋतूप्रमाणं वरखाली.

पोरानं काल विहिरीचा फोटो पाठवला. साडेचार फूट काळी, मग चुनखडीचे खडे, सहा फुटांवर मुरूम. सहा कॉलम मुरमात, वर भिंत पेलायला आडवी प्लिंथ बीम, बीमच्या खाली तीन इंच मोकळी फट, म्हणजे काळी फुगली तरी बीमला लागणार नाही. मिस्त्रीला हे पटेना. म्हणे फटीत उंदीर घुसतील, मातीनं भरून घेऊ. मी पोराला म्हणलं, बाहेरून पत्रा लाव, उंदीर घुसले तर घुसू दे, माती नको.