वजन बरोबर, पण कसाला उतरेना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, आणि कोपऱ्यात ड्रॉइंग उघडायला ठेवलेला जुना संगणक. त्यावर ड्रॉइंगचं एक मोफत सॉफ्टवेअर टाकून द्यायचं मी कबूल केलं होतं. राजारामपुरीत घरी रात्री पाचशे एमबीची फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि सकाळी पावसातच शॉप गाठलं. इन्स्टॉलेशन निम्म्यावर गेलं आणि थांबलं. परत केलं, परत तिथंच.

मित्र म्हणाला, "डाउनलोडच अर्धवट झालंय रे." मी फाइलचा आकार दाखवला. संकेतस्थळावर लिहिला होता तेवढाच, एक बाइट कमी नाही की जास्त नाही. तो म्हणाला, "मग फाइल बरोबरच आहे की!"

गुजरीत सोनं मोडायला नेलं तर सराफ ते आधी तराजूत टाकतो, पण वजन बघून पैसे मोजत नाही. कसोटीच्या दगडावर घासून कस बघतो. फाइलचा आकार हे तिचं फक्त वजन. आत काय आहे ते आकार सांगत नाही. फाइलचा कस बघायला जे वापरतात त्याला म्हणतात हॅश: फाइलच्या सगळ्या मजकुरावर गणित करून काढलेली अंक-अक्षरांची एक छोटी ओळ.

आम्ही शॉपमधल्या फाइलचा हॅश काढला आणि संकेतस्थळावर छापलेल्या हॅशशी ताडून पाहिला. पहिल्याच अक्षराला फरक. घरी फोन करून मुलीला मूळ फाइलचा हॅश वाचायला लावला, तर तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. म्हणजे डाउनलोड चोख होतं. खोट पेनड्राइव्हच्या प्रवासात होती. माझ्या घरचा संगणक विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतो. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं तरी लिनक्स बरीचशी माहिती आधी स्मृतीत धरून ठेवतो आणि मग सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवतो. मी 'इजेक्ट' न करता घाईत पेनड्राइव्ह काढला होता. फाइलचं नाव आणि आकार नोंदला गेला, मजकुराचा काही भाग मात्र पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी नीट कॉपी करून नेली, शॉपवर पुन्हा हॅश जुळवला आणि दहा मिनिटांत काम झालं.

बेरीज करून पडताळणी करण्याची कल्पना जुनी आहे. इंटरनेटवरून टीसीपी या पद्धतीनं येणाऱ्या प्रत्येक तुकड्याबरोबर चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, येतो. तो मुळात १६ बिटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १) बेरीजच असते. पण नुसत्या बेरजेचा एक दोष कुठल्याही दुकानदाराला ठाऊक असतो. वहीत २५० नंतर ४०० लिहिले काय आणि ४०० नंतर २५० लिहिले काय, खालची बेरीज ६५०च येते. आकडे जागा बदलून बसले तरी बेरजेला पत्ता लागत नाही.

हॅशमध्ये ही पळवाट राहत नाही. आज फाइल तपासायला सर्रास वापरला जाणारा हॅश म्हणजे एसएचए-२५६. तो फाइल ६४-६४ बाइटांच्या तुकड्यांत घेतो आणि प्रत्येक तुकड्याला ६४ फेऱ्यांत घुसळतो. एका तुकड्यातून जे निघतं ते पुढच्या तुकड्यात कालवलं जातं, त्यामुळे क्रम बदलला की सगळंच बदलतं. आमच्या पाचशे एमबीच्या फाइलचे असे सुमारे ७८ लाख तुकडे होतात. सराफ दागिन्याची एखादीच कड घासतो, इथं एकही बाइट सुटत नाही. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट सुरुवातीच्या आकड्यांची आहे. घुसळण ज्या आठ आकड्यांपासून सुरू होते, ते पहिल्या आठ मूळ संख्यांच्या, म्हणजे २, ३, ५ पासून १९ पर्यंतच्या, वर्गमुळांच्या अपूर्णांकी भागातून घेतलेले आहेत. आकडे मनाचे ठेवले असते तर त्यांत कुणी चोरवाट ठेवल्याची शंका आली असती. वर्गमूळ कुणालाही काढून बघता येतं.

फाइल केवढीही असो, शेवटी हाती येतात ६४ चिन्हं: ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं. इंग्रजी छोट्या लिपीत 'हेलो' एवढाच शब्द दिला तर हॅश सुरू होतो २सीएफ२४डीबीए असा. त्याच शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत केलं की सुरुवात होते १८५एफ८डीबी३. संगणकाच्या लेखी या दोन शब्दांत फक्त एका बिटाचा फरक आहे, तरी उत्तरं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. पूर्ण रिकाम्या फाइलचाही हॅश असतो, आणि तो जगात कुठंही ई३बी०सी४४२ नेच सुरू होतो. तो दिसला तर समजावं, हाती शून्य बाइट आले आहेत.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल, लिनक्सवर शा२५६सम, एवढ्या एका आज्ञेत हे काम होतं. सर्टयुटिल वापरताना शेवटी एसएचए२५६ लिहायला मात्र विसरू नका, नाहीतर ते जुना एसएचए-१ काढून देतं आणि चांगली फाइलही जुळत नाही.

काही ठिकाणी अजून एमडी५ दिलेला असतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांचा हा हॅश १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये चिनी संशोधक शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगवेगळ्या फाइली करून दाखवल्या. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी केली. वीज गेली, केबल खराब निघाली, पेनड्राइव्ह लवकर काढला, असं अपघाती नुकसान एमडी५ आजही पकडतो. मुद्दाम फसवणाऱ्यापुढे त्याचा भरवसा धरू नये.

आणि फसवणारा असेल तर प्रश्नच वेगळा होतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा बदलून लोकांना चोरदरवाजा असलेली फाइल दिली गेली. ज्याच्या हाती दुवा बदलायची सत्ता आहे, त्याला शेजारी छापलेला हॅश बदलायला कितीसा वेळ लागेल? फाइल आणि हॅश एकाच पानावरून घेतले, तर फाइल वाटेत बिघडली नाही एवढंच कळतं. ती खऱ्या माणसाची आहे का, हे कळत नाही. विकणाऱ्यानंच चिठ्ठीवर '२२ कॅरेट' लिहून द्यावं तसं ते आहे.

त्यासाठी हॉलमार्कच लागतो, आणि सॉफ्टवेअरचा हॉलमार्क म्हणजे डिजिटल सही. सॉफ्टवेअर करणारा आपल्या गुप्त किल्लीनं सही करतो, आणि जाहीर किल्ली वापरून ती कुणालाही तपासता येते. संकेतस्थळ हाती लागलं तरी गुप्त किल्ली चोराकडे नसते. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर नेहमीच्या पद्धतीनं सॉफ्टवेअर घेतलं की ही तपासणी आपोआप होते. जाहीर किल्ली मात्र आधीपासून किंवा दुसऱ्या वाटेनं मिळवलेली हवी.

अँड्रॉइड फोनसुद्धा सही नसलेलं ॲप बसवून घेत नाही. पण ही सही कुणीही स्वतः तयार केलेल्या किल्लीनं करू शकतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून येणाऱ्या एपीके फाइलवरही (म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या फाइलवरही) अशी सही असते, म्हणून फोन ती 'खराब फाइल' म्हणून अडवत नाही. फाइल पूर्ण असते, शाबूत असते, आणि खातं रिकामं करते. ती उघडू नका, घरातल्या मोठ्या माणसांनाही हे सांगून ठेवा.