पियानो रॉक अल्बमचे ध्वनिमुद्रण

गिटारऐवजी पियानो हे मुख्य वाद्य धरून रॉक अल्बम ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत. यातली खरी डोकेदुखी जागावाटपाची असते. पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ हर्ट्झपासून ४,१८६ हर्ट्झपर्यंत पसरलेल्या. त्यामुळे डावा हात बास गिटारच्या हद्दीत शिरतो आणि उजवा गायकाच्या आवाजावर चढतो. त्यात हातोडी तारेवर आदळली की सूर लगेच विरू लागतो, त्यामुळे फझ (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारे उपकरण) लावलेल्या गिटारसारखी आवाजाची सलग भिंत पियानोला एकट्याने उभी करता येत नाही.

१९९० च्या दशकातील अल्टरनेटिव्ह रॉकमध्ये यावर सर्वांत धीट तोड काढली ती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिलच्या ‘बेन फोल्ड्स फाइव्ह’ या बँडने. नाव ‘फाइव्ह’ असले तरी माणसे तीनच: पियानोवर बेन फोल्ड्स, बासवर रॉबर्ट स्लेज, ड्रमवर डॅरेन जेसी. ‘व्हॉटेव्हर अँड एव्हर आमेन’ (१९९७) हा त्यांचा दुसरा अल्बम निर्माता कॅलेब सदर्न याच्यासोबत फोल्ड्सच्या राहत्या घरी मुद्रित झाला. गिटारची रिकामी जागा स्लेजच्या फझ लावलेल्या बासने आणि तिघांच्या गळ्यांनी भरली. ‘ब्रिक’ या संथ गाण्यात मात्र फझला रजा आहे. तिथे उभा डबल बास गजाने वाजवला आहे.

बासला फझ लावताना संकेत दोन वाटांनी घेतात, कारण फझ खालचा खर्ज खाऊन टाकतो. स्वच्छ वाट थेट मुद्रित करून तिचा साधारण २०० हर्ट्झखालचा भाग ठेवायचा. दुसरी फझमधून अँप्लिफायरला देऊन तिचा खालचा भाग कापायचा. दोन्ही एकत्र ऐकताना खर्ज पातळ वाटला, तर एका वाटेची फेज (ध्वनिलहरीचे चढ-उतार) उलटी करून पाहावी.

पियानो मोठाच हवा असे नाही. सुमारे दीड मीटरच्या बेबी ग्रँडच्या खालच्या तारा आखूड असतात, म्हणून मैफलीच्या पावणेतीन मीटरच्या पियानोइतका त्याचा खर्ज स्पष्ट नसतो. रॉकमध्ये ही उणीव पथ्यावरच पडते. खर्ज बासकडे सोपवलेलाच असतो. दणदणीत वादनाला खरी अडचण सुरांची. मधल्या व वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात; त्यांतली एक जरी किंचित सरकली तरी स्वर लहरू लागतो. म्हणून मुद्रणाच्या काळात पियानो सुरात लावणारा ट्यूनर रोज सकाळी लागतो, आणि दुपारी पुन्हा बोलवावा लागला तर नवल नाही. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी, नाहीतर सोमवारचा पियानो आणि गुरुवारचा पियानो एका गाण्यात जुळत नाहीत.

माइक सहसा दोन, हातोड्यांच्या वर १५ ते ३० सेंटिमीटरवर: एक खालच्या सप्तकांकडे, एक वरच्या. दोन माइकमधले अंतर तारांपासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे. मोनोमध्ये (दोन्ही माइक एकाच वाहिनीत मिसळून) ऐकल्यावर मधलेच काही स्वर बसल्यासारखे वाटले, तर एक माइक थोडा सरकवायचा; इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारे साधन) फिरवून हा दोष जात नाही.

तिघे एकाच खोलीत वाजवत असतील तर बाकी वाद्ये पियानोच्या माइकमध्ये शिरू नयेत म्हणून झाकण आखूड काठीवर टेकवून वर जाड ब्लँकेट घालतात. तरीही सूर लांबवणारे पॅडल दाबलेले असताना स्नेअर या ड्रमच्या प्रत्येक ठोक्याने पियानोच्या मोकळ्या तारा घुमतात. स्नेअर दूर नेणे आणि वादकाला पॅडल जपून वापरायला सांगणे, एवढेच हाती असते. दुसरा सापळा मार्गदर्शक गायनाचा, म्हणजे वाजवताना आधारापुरते गायलेल्या कच्च्या गायनाचा. पियानोवादकच गात असेल तर त्याचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरतो; पुढे एखादी ओळ बदलली की जुने शब्द मागे भुतासारखे ऐकू येतात. शब्द पक्के नसतील तर त्या वेळी गाऊच नये.

घरात मुद्रण केले की घरही मुद्रित होते. वरील अल्बममधील ‘स्टीव्हन्स लास्ट नाइट इन टाउन’मध्ये मध्येच टेलिफोन वाजलेला ऐकू येतो, आणि तो तसाच ठेवला आहे. सहज जमून आलेला टेक (एका दमातले मुद्रण) अशा आवाजासाठी फेकून देण्यात शहाणपण नाही. करकरणारे पॅडल मात्र सोडू नये. तो आवाज दर मात्रेला येतो आणि मिक्सिंगमध्ये, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवताना, निघत नाही.

मिक्सिंगमध्ये पियानोवर साधारण ४:१ चा कॉम्प्रेसर (ठरावीक पातळीवर गेलेला आवाज चौथ्या हिश्शावर दाबणारे साधन) लावतात. अटॅक, म्हणजे दाब सुरू व्हायला लागणारा वेळ, २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर हातोडीचा घाव सुटून बाहेर येतो आणि मागचा नाद वर उचलला जातो. अटॅक फार जलद केला की घावच दबतो आणि पियानो ऑर्गनकडे झुकतो. १०० हर्ट्झखालचा भाग बासला मोकळा करून द्यायचा, पण ज्या कडव्यात पियानो एकटा आहे तिथे तो परत आणायचा. ‘व्हॉटेव्हर अँड एव्हर आमेन’चे मिक्सिंग अँडी वॉलेस याने केले, ‘निर्व्हाना’ या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचे, म्हणजे गिटारच्या गदारोळाचे, मिक्सिंगही त्याचेच.