पोटात राहिलेलं कापड

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात बाळंत झालेल्या एका बाईची १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप, पोटात असह्य दुखणं. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल आणि पू. २४ तारखेला ती गेली. ३६ हजारांच्या भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला १९९६ साल उजाडलं.

बातम्यांत गाजते ती कात्री, कारण एक्स-रेत ती ठळक दिसते. प्रत्यक्षात आत जास्त वेळा राहतं ते कापडच. अमेरिकन सर्जन अतुल गवांदे (वडील विदर्भातल्या उटी गावचे) आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली अशी ५४ प्रकरणं तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. सापडलेल्या ६१ वस्तूंपैकी ६९ टक्के गॉज-मॉप, म्हणजे रक्त टिपायची जाळीदार सुती कापडं, होते. तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका नऊपट, आणि ऐनवेळी बेत बदलावा लागला तर चौपट.

कोरडा मॉप म्हणजे गॉजची अनेक पदरी घडी, एका कोपऱ्याला नाडी. रक्ताने भिजला की मुठीत मावतो, आतड्यांच्या वेटोळ्यांत शिरला की डोळ्यांना वेगळा दिसत नाही. म्हणून नाडीला आर्टरी फोर्सेप (चिमटा) लावून ती बाहेर लोंबती ठेवतात. मॉपमध्ये बेरियमची पट्टीही विणलेली असते, एक्स-रेत दिसावी म्हणून.

सुती कापड शरीरात विरघळत नाही. कधी त्याभोवती पू होतो, तर कधी शरीर त्याला तंतूंच्या जाड वेष्टनात गुंडाळून टाकतं आणि वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. पुढे स्कॅनमध्ये ती गाठ कॅन्सरची वाटू शकते. डॉक्टर तिला गॉसिपिबोमा म्हणतात: लॅटिनमधला कापूस आणि स्वाहिलीतली लपायची जागा, असं सांगतात. विचित्र जोडी, पण चपखल.

मग सिस्टर मॉप मोजत नाहीत का? मोजतात, पोट शिवण्याआधी, मोठ्याने. गोम इथेच आहे. गवांदेंच्या प्रकरणांत जिथे मोजणी झाली होती, त्यातल्या ८८ टक्के वेळा ती बरोबर असल्याचीच नोंद होती. आकडा चुकला असता तर शोधाशोध तरी झाली असती.

एक मॉप कमी भरला की शिवण थांबते. आधी पोटात पुन्हा हात, मग बादली, चादरींच्या घड्या, तरीही नाहीच तर टेबलावरच एक्स-रे. कधी तो सापडतो कुणाच्या तरी स्लिपरखाली चिकटलेला.