अभ्र्याचा आभाळाशी काय संबंध?

उशीच्या अभ्र्यात ‘भ्र’ आहे, त्यामुळे तो संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढगावरून आला असावा असं सहज वाटतं. उशी ढगासारखी मऊ, हिशोब जुळला! पण हा शब्द मूळचा फारसी ‘अब्रा’. अर्थ: कपड्याचा बाहेरचा, दिसणारा पदर. त्याचा जोडीदार आजही प्रत्येक शिंप्याच्या तोंडी आहे, तो म्हणजे अस्तर. रजईतही तेच: वर अब्रा, खाली अस्तर, मधे कापूस. मराठीत ही जोडी फुटली. अस्तर कोटाच्या आत राहिलं, अभ्रा उशीवर गेला आणि शिवून टाकलेल्या पदराची काढता-घालता येणारी पिशवी झाली.

‘ब’चा ‘भ’ कसा झाला? उच्चाराचा नियम म्हणावा, तर ‘आबरू’ची ‘अब्रू’च झाली, ‘अभ्रू’ नाही. बहुधा ओळखीच्या ‘अभ्र’ने या शब्दाला आपल्याकडे ओढलं. गंमत म्हणजे फारसीत ढगालाही ‘अब्र’च म्हणतात आणि तो मात्र संस्कृत अभ्राचा सख्खा भाऊ.

उशी अस्सल इकडचीच. संस्कृत ‘उच्छीर्षक’, म्हणजे शीर्ष वर उचलून धरणारं. प्राकृतात ‘उस्सीस’, मराठीत उशी. ‘तांब्या उशाशी ठेव’ म्हणताना आपण अजूनही डोक्याकडची बाजूच सांगत असतो.

आता अस्तराचं काम खोळ करते. कापूस भरून ती शिवून बंद होते. सारखा धुवायचा तो अभ्रा, म्हणून त्याचं माप जरा सैल हवं. १७ × २७ इंची उशीला १८ × २८ चा अभ्रा धरा. सलग कापड ६४ इंच लांब लागतं: मागची बाजू २८, तिला लागून पुढची २८, तिच्यापुढे तोंडाशी आत जाणारी पट्टी ६ आणि दोन्ही टोकांच्या दुमडीला एकेक इंच. रुंदी १९, कारण दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. सुती कापड आधी भिजवून वाळवा. कोरं कापड ४ टक्के जरी आटलं, तरी २८ चे २७ सुद्धा उरत नाहीत आणि उशी कोंबावी लागते.

टोकं दुमडून शिवली की कापड सुलट बाजू वर ठेवून पसरा. आधी मागची बाजू पुढच्या बाजूवर घ्या, मग सहा इंची पट्टी त्यावर दुमडा आणि दोन्ही कडा शिवा. पट्टी आधी दुमडली, तर अभ्रा उलटल्यावर ती बाहेर लोंबते आणि दोन्ही शिवणी उसवाव्या लागतात.